झेंडूच्या माळेमागची लाल ओळ

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. त्याबद्दल माफ करावं. शाळा चौथीपर्यंत झाली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणून ते माझ्या वाट्याला आलंच नाही. हे कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. पण उद्या कपाट आवरताना कुणाच्या हाती लागलंच, तर चुका सोडून पुढचं वाचावं.

परवा लेक बंगळूरहून व्हिडिओवर बोलत होती. म्हणाली, "आई, ती कोपऱ्यातली कॉम्प्युटरची पेटी भंगारवाल्याला देऊन टाक ना गं. किती जागा अडवतेय."

मी हो म्हटलं. मला समोरच्याला नाही म्हणता येत नाही, मग ती पोटची मुलगी का असेना. फोन ठेवल्यावर भंगारवाल्याला द्यायची तर निदान स्वच्छ करून द्यावी म्हणून ओला फडका घेऊन बसले. पेटीच्या जाळीत कणीक अडकली होती. आणि वरच्या कडेला, खोबणीत, हळद-कुंकवाचा एक ठिपका अजून तसाच होता. तो काही पुसवेना.

आम्ही कोपरला राहतो. दोन खोल्या आहेत, आणि आत ओटा बऱ्यापैकी मोठा आहे. मिस्टरांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली तेव्हापासून मी पोळी-भाजीचे डबे करते आणि ते स्कूटरवरून पोचवतात. सुरुवातीला आजूबाजूच्या बिल्डिंगमधले डबे होते, तोवर सगळं डोक्यात राहायचं. मग गिऱ्हाईक वाढलं आणि गोंधळ सुरू झाला. मला फोनवर बोलायची भीती वाटते. कुणी फोन करून सांगायचं, आज भाजी तिखट नको, पोळ्या दोन जास्त. मी हो म्हणायचे. फोन ठेवला की कशाला हो म्हटलं तेच आठवायचं नाही. मग लोकांनी मेसेज टाकायला सुरुवात केली. तेही मी कणकेच्या हातांनी बघायचे नाही आणि डबा चुकायचा.

लेक तेव्हा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होती. एक दिवस तीच म्हणाली, "आई, तू फक्त पोळ्या कर. कुणाला काय हवं ते मशीन सांगेल तुला."

मशीन विठ्ठलवाडीच्या एका दुकानात मिळालं. जुनंच होतं. सोबत चिठ्ठ्या छापायचा एक छोटा प्रिंटर. पैसे आमच्याकडे नव्हते. ते दिले वर्तकनगरच्या वहिनींनी. दादा गेल्यावर वहिनी तिथे एकट्याच राहतात. शाळेत बाई होत्या, पेन्शन आहे. ते पैसे त्यांनी दात बसवायला बाजूला काढून ठेवले होते. डावीकडचे सगळे पडले होते. मी नको नको म्हणत होते तर म्हणाल्या, "वन्सं, घ्या हो. इतकी वर्षं दोन्हीकडून चावलं, आता थोडे दिवस एका बाजूने चावेन."

आणि मग पुढे कितीतरी दिवस, मी भाकरी घेऊन गेले की म्हणायच्या, "मला वरण-भात वाढा. माझे दात तुमच्या कोपरला आहेत." हसत म्हणायच्या. पण मी त्यांना एका गालाने घास घोळवताना बघायचे आणि मला माझा घास गोड लागायचा नाही.

तर ते मशीन ओट्याच्या शेजारी, मिक्सरच्या वरच्या फळीवर बसलं. दुसरीकडे जागाच नव्हती. त्यात लेकीने चार कामकरी बसवले होते, असं मी समजून चालले होते. एकाचं नाव कोठी. सगळी गिऱ्हाइकं आणि कुणाला काय हवं ते कोठीत. दुसरा निरोप, तो फोनवर आलेले मेसेज वाचून कोठीत टाकायचा. तिसरा मोजणी, म्हणजे किती पोळ्या, किती भात. चौथी चिठ्ठी. ती प्रिंटरमधून टक् टक् करत बाहेर यायची आणि मी डब्यावर चिकटवायचे.

सुरुवातीचे दिवस फार त्रासाचे होते. चौघांना ठरलेल्या क्रमाने उठवावं लागायचं. आधी कोठी, मग निरोप, मग मोजणी, मग चिठ्ठी. निरोपला कोठीच्या आधी उठवलं तर तो मेसेज घेऊन उभा राहायचा आणि ठेवायला जागा नाही म्हणून मरायचा. लेक कॉलेजला जाण्याआधी एकेकाला उठवून जायची. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की चौघे आडवे. मग ती कॉलेजच्या जिन्यात उभी राहून फोनवर सांगायची, "अगं आई, ती काळी खिडकी दिसतेय ना? त्यात टाईप कर. नाही, ते नाही, एस. सापासारखं असतं ते. हां, तेच." मला घाम फुटायचा. एकदा मी रडलेसुद्धा. लाईट गेली म्हणून कुणी रडतं का, पण मी रडले.

मग तिने आणखी एक प्रोग्राम आणून बसवला. तो डब्याचं काहीच काम करत नव्हता. तो फक्त बाकीच्यांवर लक्ष ठेवायचा. मशीन सुरू झालं की हा पहिला उठणार, मग ठरलेल्या क्रमाने इतरांना उठवणार. कुणी मधेच पडला तर पुन्हा उभा करणार. बंद करायची वेळ आली तर उलट्या क्रमाने झोपवणार, आधी चिठ्ठी आणि सगळ्यात शेवटी कोठी.

मिस्टर डब्यांच्या पिशव्या भरत ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आमचा मुकादम."

"तुमचा कसा, बाबा?"

"अगं, तो स्वतः कधी खिळा ठोकायचा नाही. पण कोण आलंय, कोण पडलंय, कोण पिंपामागे झोपलंय, सगळं त्याला ठाऊक."

तेव्हापासून त्याचं नाव मुकादमच पडलं. लेकीने मुकादमाला दोन टोळ्याही करून दिल्या, दुपारची आणि रात्रीची. कोठी दोघींची एकच, पण निरोप, मोजणी, चिठ्ठी जिची तिची वेगळी. रविवारी रात्री मी डबे करत नाही. त्या दिवशी रात्रीच्या टोळीला सुट्टी द्यायची तर एकेकाला सांगत बसायचं नाही, टोळीचं नाव घेतलं की सगळी बसायची. मला ते फार आवडायचं. माझ्या सासरी जेवायला हाक मारायची तशीच पद्धत होती. एकेकाचं नाव नाही, "शेतावरचे या" म्हटलं की शेतावरचे यायचे.

मला इंग्रजी येत नाही म्हणून तिने पडद्यावर रंग लावून दिले. एकाखाली एक ओळी. चालू असेल तर हिरवी. उठत असेल तर पिवळी. आणि पुन्हा पुन्हा उठवूनही उभा राहिला नाही, मुकादमाने हात टेकले, तर लाल. सकाळी मी तवा ठेवायच्या आधी बटण दाबायचे. पंख्याचा घुंई आवाज सुरू व्हायचा. मग वरून खाली एकेक ओळ हिरवी होत यायची. शेवटची हिरवी झाली की मी पहिली पोळी टाकायचे. लेक बाजूला पाय पसरून चहात बटर बुडवत बसलेली असायची.  तेव्हा मला कुठे ठाऊक होतं की अशा सकाळी मोजक्याच असतात.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक मोठं काम चालून आलं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या रेक्टर बाईंनी दसऱ्याला श्रीखंड-पुरीची ऑर्डर दिली आणि सांगितलं, हे नीट झालं तर रोजचे डबे तुमच्याकडेच देऊ. रोजचे म्हणजे दोन्ही वेळचे. मला त्या रात्री झोप लागली नाही. ते काम मिळालं तर वहिनींचे पैसे फिटणार होते. नाही मिळालं तर किती वर्षं लागतील, याचा विचार मी करतच नव्हते.

दसऱ्याला वहिनींनाही जेवायला बोलावलं होतं. लेक त्यांना आणायला सकाळीच वर्तकनगरला गेली. घरात आम्ही दोघंच. मी चक्का फेटत होते. मिस्टर अंघोळ करून धोतर नेसून आले, हातात झेंडूच्या माळा.

त्यांच्या कंपनीत दसऱ्याची पूजा मोठी असायची. मशीन धुवून पुसून ठेवायची, मुकादम स्वतः मेन स्विच पाडायचा, सगळी शेड गप्प व्हायची. मग हळद-कुंकू, माळा, नारळ. आणि पुन्हा मेन वर केला की सगळ्या मशीनचा एकदम आवाज. हे सांगताना त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. कंपनी बंद पडल्यापासून दर दसऱ्याला ते घरात फक्त स्कूटरला हार घालायचे आणि गप्प बसायचे. त्या वर्षी म्हणाले, "आता आपल्याकडे पण मशीन आहेत. रीतसर करू." आणि त्यांनी दारामागचा मेन पाडला.

पंखा थांबला, फ्रिज थांबला, मशीनचा घुंई थांबला. घर असं शांत झालं की बाहेरची कोंबडी ऐकू आली. त्यांनी मिक्सरला कुंकू लावलं, फ्रिजला लावलं, मशीनला लावलं. माझ्या पोळपाटालाही लावलं. पडद्यावर झेंडूची जाड माळ सोडली. नारळ फोडला. मग मेन वर केला. मशीन आपोआप उठलं. मी लांबून पाहिलं, सगळ्यात वरची ओळ, कोठीची, पिवळी होती, मग हिरवी झाली. त्याखालच्या ओळींवर माळ होती. मला वाटलं, पहिली उठली म्हणजे मागच्या उठतीलच. नेहमी उठायच्या.

साडेअकराला लेक वहिनींना घेऊन आली. वहिनी पंख्याखाली बसून म्हणाल्या, "काय हो भावोजी, कॉम्प्युटरला पण हार? उद्या नैवेद्य दाखवाल."

"दाखवला की. श्रीखंडाचं बोट लावलंय."

"चावायला दात लागत नाहीत, म्हणून त्याचं बरंय."

एवढ्यात फोन वाजला. रेक्टर बाई. मीच उचलला, कारण लेकीचे हात धुवायचे होते.

"अहो, निघाले ना डबे? सकाळी कळवलं होतं ना, सुट्टीला कुणी घरी गेलंच नाही, सगळ्या मुली इथेच आहेत. आणि एकला नाही, साडेबाराला हवंय. त्यांची ड्यूटी आहे."

मी म्हटलं, "हो."

फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे गेली आणि माळ उचलली. वरची ओळ हिरवी. तिच्या खालची, निरोपची, लाल. सकाळपासूनचा एकही मेसेज कोठीत गेला नव्हता. मी जेवढ्यांचं केलं होतं, मुली त्याच्या जवळजवळ दुप्पट होत्या.

मिस्टर म्हणाले, "मी मेन पाडला म्हणून झालं का गं?"

"ते नंतर बघू, बाबा. आई, श्रीखंड किती आहे?"

श्रीखंड होतं, पण ते आमचं होतं. वहिनींसाठी म्हणून वेगळा चक्का टांगला होता, वेलची-केशर घालून. मी वहिनींकडे पाहिलं. त्या तोवर पदर खोचून उठल्या होत्या.

"माझ्याकडे काय बघता वन्सं? ओता त्यात. पुरी मला चावणार होती थोडीच."

मग जे झालं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. वहिनी पुऱ्या लाटतायत, मी तळतेय, लेक फोनवरचे मेसेज एकेक वाचून हाताने चिठ्ठ्या लिहितेय, मिस्टर धोतरावरच स्कूटरला किक मारतायत. वहिनींच्या पुऱ्या गोल होत नव्हत्या. लेक म्हणाली, "मामी, ही पुरी आहे की श्रीलंका?" वहिनी म्हणाल्या, "गप बस. भूगोल शिकवायचे मी, नकाशे मला येतात." दोन खेपा झाल्या. दुसरी खेप पोचायला थोडा उशीर झाला, पण मुली जेवायला बसलेल्या होत्या, उठल्या नव्हत्या.

आम्ही चौघं तीन वाजता वरण-भात जेवलो. दसऱ्याला वरण-भात आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला.

जेवण झाल्यावर लेक मशीनपुढे बसली. मी गॅसवर संध्याकाळच्या भाजीसाठी बटाट्यांचा कुकर लावला.  मग एकदम माझ्या कुकरकडे बघत म्हणाली, "आई, कुकर आधी लावलास आणि लगेच बटाटे सोलायला घेतलेस तर काय होईल?"

"कच्चे असतील."

"पण कुकर तर तू आधीच लावला होतास. क्रम बरोबर होता."

"शिट्टी व्हायला नको?"

"तेच चुकलं माझं. मी मुकादमाला क्रम सांगितला, शिट्टी सांगितलीच नाही. त्याने कोठीला उठवलं आणि लगेच निरोपला हाक मारली. एरवी कोठी चटकन उठते म्हणून खपून जायचं. आज ती लिहीत असतानाच मेन पडला, त्यामुळे उठल्यावर ती आधी आपलं सामान तपासत बसली. निरोप दारावर गेला, दार बंद. परत गेला, परत बंद. शेवटी मुकादमाने नाद सोडला."

मिस्टर कोपऱ्यात पडल्या चेहऱ्याने बसले होते. म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून मेन नाही पाडत."

"पाडा की बाबा. दसरा दरवर्षी येणार, लाईट दर शुक्रवारी जाणार. आपल्या घरात राहायचं तर मशीनला तेवढं सोसता आलं पाहिजे."

तिने निरोपला शिकवलं की आधी कोठीला विचारायचं, झालीस का तयार. नसेल तर दारात थांबायचं, मरायचं नाही. मुकादमालाही सांगितलं की इतक्या लवकर हात टेकायचे नाहीत. आणि कुठलीही ओळ लाल झाली तर मशीनने ओरडायचं, म्हणजे वर हार असो की पदर, मला कळेल. मग म्हणाली, "बाबा, पाडा मेन."

मिस्टरांनी पाडला. पुन्हा वर केला. पुन्हा पाडायला लावला. शेजारच्या काकू डोकावून विचारून गेल्या, तुमच्याकडेच लाईट ये-जा करतेय का. वहिनी आपट्याची पानं हातात घेऊन पडद्यापुढे स्टुलावर बसल्या होत्या. कोठी पिवळी होती आणि निरोपची ओळ तिच्याखाली पिवळी होऊन थांबली होती. कोठी हिरवी झाली, मग निरोपची हिरवी झाली.

वहिनी म्हणाल्या, "बघा, कशी शहाण्यासारखी थांबली. माझ्या वर्गात एवढं थांबणारं एक पोर नव्हतं."

मग त्यांनी एकेक आपट्याचं पान आमच्या हातात दिलं आणि एक मशीनवर ठेवलं.

रेक्टर बाईंचा फोन आठवड्याने आला. मी उचलला नाही, मेसेज टाका म्हणून लेकीने सांगितलं. मेसेज निरोपने वाचला, कोठीत टाकला. रोजचे डबे, दुपारच्या टोळीलाही आणि रात्रीच्या टोळीलाही. त्या संध्याकाळी प्रिंटर थांबायलाच तयार नव्हता.

पुढे लेकीला बंगळूरला नोकरी लागली. पहिल्या पगारातून मामीचे उरलेले पैसे मी देते म्हणाली. तेवढ्या एका वेळेला मला तिला नाही म्हणता आलं. म्हटलं, ते डब्यांतूनच फिटू दे. जाण्याआधी तिने चौघांना आणि मुकादमाला इथून उचलून कुठल्यातरी दूरच्या मशीनवर नेलं. तिथे भाडं भरावं लागतं, पण लाईट जात नाही म्हणे. चिठ्ठ्या अजून माझ्याकडेच निघतात, फोनवरून. काम अगदी सुरळीत चालतं. ओळी बघाव्या लागत नाहीत. सकाळी घुंई आवाज नसतो आणि बाजूला कुणी चहात बटर बुडवत नसतं. मी पहिली पोळी कशाचीही वाट न बघता टाकते.

पेटी मी भंगारात देणार नाही. लेकीला सांगितलेलं नाही. दसऱ्याला मिस्टर मेन पाडतात, तेव्हा तिलाही माळ लागतेच.

गेल्या महिन्यात वहिनींकडे गेले होते. शेवटचे पैसे पाकिटात घालून नेले होते आणि सोबत पुऱ्यांचा डबा. वहिनींनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. उशीखाली ठेवलं आणि म्हणाल्या, "उद्याच डॉक्टरकडे जाते. एवढी वर्षं सारखं वाटायचं, दात बसवले तर तुम्हाला वाटेल मला पैशांची घाई झालीय."

 मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक पुरी घेतली, उजव्या बाजूने सावकाश चावली आणि म्हणाल्या, "आणखी दोन आठवड्यांनी या. तेव्हा जरा कडक तळून आणा."

वहिनींचे सगळे पैसे फिटले.